कुठूनही निघा, ६१७४ लाच पोचा!

चल, वहीचं शेवटचं पान उघड! आज तुझी एका भलत्याच हट्टी संख्येशी ओळख करून द्यायचीय.

कोणतीही चार अंकी संख्या घे. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. नाहीतर पहिल्याच फटक्यात उत्तर शून्य आणि खेळ खल्लास! मी घेतलीय १९०५. हीच का? कळेल, कळेल!

आता हे अंक मोठ्याकडून छोट्याकडे लिही: ९५१०. मग उलटे, छोट्याकडून मोठ्याकडे: ०१५९. (पुढचं शून्य गाळायचं नाही हं!) मोठीतून छोटी वजा कर. ९३५१ आले ना?

आता ९३५१ चंही तस्संच करायचं. ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. पुन्हा कर, ७४४३. पुन्हा, ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. दमायचं नाही, आलंच! ७६४१ वजा १४६७... ६१७४!

पुढे काय होईल, ओळख बघू! ६१७४ मध्ये अंक कोणते? ७, ६, ४, १. म्हणजे पुन्हा ७६४१ वजा १४६७. उत्तर? पुन्हा ६१७४! कितीही वेळा कर, ही बाई जागची हलतच नाही!

आणि खरी कमाल तर पुढेच आहे. तू कुठलीही संख्या घे, जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ येणारच! गोल बुडाच्या कढईत काठावरून गोटी सोडली, की ती कुठूनही सोड, तळाशीच जाते ना? अगदी तसं!

हा शोध कुणाचा, माहितेय? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गुरुजींचा! त्यांचा जन्म डहाणूचा, साल १९०५. आलं ना लक्षात? त्यांच्या जन्मसालाला ६१७४ गाठायला बरोब्बर ७ वजाबाक्या लागतात, एकही कमी नाही! आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

पण असं होतं तरी कसं? मला तर हे सगळ्यात आवडतं. पहिल्या वजाबाकीत दोनच गोष्टींना किंमत असते. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. ९५१० मध्ये ते आहेत ९ आणि ४. पहिल्याला ९९९ ने गुण, दुसऱ्याला ९० ने. ८९९१ आणि ३६०. बेरीज कर. ९३५१! वजाबाकी न करताच उत्तर! आता ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारख्या अंकांच्या सोडून, सगळ्या संख्या घेतल्या तर त्या भरतात ९,९९०. पण पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरं येतात फक्त ५४! एवढ्याशा संख्यांनी पळून पळून जायचं कुठे?

अजून एक गंमत. ६+१+७+४ किती? १८. आता ६१७४ ला १८ ने भाग. बाकी शून्य! आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना गुरुजींनी नाव दिलं ‘हर्षद संख्या’.

आता तुझी पाळी! तीन अंकी संख्या घे आणि हाच खेळ खेळ. तिथेही एक हट्टी संख्या दडून बसलीय. कोणती? मी मुळीच सांगणार नाही. पेन्सिल तुझ्याच हातात आहे!