हिरड्यांचे दुखणे व शस्त्राची भीती

पांढुर्णा व सौसर येथील आमच्या व्यापारी बंधूंस हिरड्यांतून रक्त आले तरी दंतवैद्याकडे जाणे नकोसे वाटते. सफाईने दात हलू लागतात, हा समज त्याच्या मुळाशी आहे. वस्तुतः दात हलतो तो आधाराचे हाड झिजल्यामुळे. साचलेले कीटण त्यास केवळ टेकू देत असते. हिरडी व दात यांमधील खाच ३ मिलिमीटरपर्यंत निरोगी समजतात. ४-५ मिलिमीटर झाली तरी जागा बधिर करून मुळापर्यंत खरवडल्याने बहुधा भागते. हिरडी कापावी लागत नाही. काही आठवड्यांनी खाच पुन्हा मोजतात, आणि ती खोलच राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. जवळच्या नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. मधुमेही बंधूंनी तर विलंब करूच नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते; त्यांचा रोग म्हणूनच लपून राहतो.