माहेरी जाताना ती फाईल बरोबर घ्या

आमच्या शेजारची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. झबली, दुपटी, सगळे बॅगेत भरले. तपासण्यांची फाईल मात्र तिने मुद्दाम कपाटात साड्यांखाली ठेवली. तिसऱ्या महिन्यातल्या रक्ततपासणीत तिला ‘हिपॅटायटिस बी’ निघाला होता. नवऱ्याला ठाऊक होते. सासूबाईंना नाही आणि आईलाही नाही.

“काकू, लस मला घाबरवत नाही हो. सांगायचं कसं, तेच कळत नाही,” ती म्हणाली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट एकटीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात सुमारे तीन कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता. पुष्कळांना डोळे पिवळे होण्याइतकीही कावीळ होत नाही. वर्षानुवर्षे यकृत आतून खराब होत राहते. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवणाऱ्यां’कडे याला अर्थातच उत्तर नाही.

“मला आहेच, मग लस कशाला?” असे पुष्कळजणी म्हणतात. अर्धे खरे आहे. ज्याला लागण झाली आहे त्याला या लसीचा उपयोग नाही. पण ती असते घरातल्या इतरांसाठी, आणि सर्वांत आधी बाळासाठी. जन्मताना लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तो टिकतो. म्हणून बाळाला पहिली लस चोवीस तासांच्या आत हवी, आणि आईला लागण असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे वेगळे इंजेक्शनही. ते आधी मागवून ठेवावे लागते. फाईल सासरच्या कपाटात राहिली तर माहेरच्या डॉक्टरांना कळणार कसे?

सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आहे. तुमची-माझी पिढी त्याआधीची. म्हणून नवऱ्याने आणि घरच्यांनी आधी रक्त तपासावे. लागण नसेल तर लस घ्यावी – आज, महिन्याने, आणि सहा महिन्यांनी. आणि हो, ताट-वाटी वेगळी काढण्याचे काही कारण नाही. हा रोग जेवणातून पसरत नाही. वेगळी ठेवायची ती दाढीची पाती, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर.

निघण्याच्या आदल्या रात्री तिने फाईल काढून बॅगेत टाकली. माहेरी पोचल्यावर आईच्या हातात दिली. आई बराच वेळ गप्प होती, मग एवढेच म्हणाली, “बाळाला अंगावर पाजायचं ना?”

पाजायचे. लस आणि इंजेक्शन दिले की निर्धास्त पाजायचे, असे डॉक्टरांनी सांगितले.

मुलगा आता चार महिन्यांचा आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झाले. वर्षाच्या आसपास त्याचे रक्त तपासायचे आहे. नवऱ्याचा तिसरा डोस पुढल्या महिन्यात. सासूबाईंना मात्र अजून सांगितलेले नाही. त्यांची तपासणी राहिलीच आहे.