द्राक्षवेलीच्या खोडावरील दोन जुळ्या बुरश्या

लाकडावर वाढणाऱ्या सर्वच बुरश्या छत्रीसारख्या उगवतात असे नाही. काही सालीला पापुद्र्याप्रमाणे चिकटून पसरतात. युरोपातील द्राक्षबागांत जुन्या वेलींच्या खोडावर असा तपकिरी, कठीण व बारीक छिद्रांचा पापुद्रा आढळतो. खोड चिरून पाहिल्यास गाभा पिवळट, मऊ व भुसभुशीत झालेला दिसतो. पानांच्या शिरांमधील भाग पट्ट्यापट्ट्यांनी वाळतो आणि कधीकधी भर उन्हाळ्यात सबंध वेल काही दिवसांतच सुकते. या रोगास ‘एस्का’ म्हणतात.

२००२ पर्यंत या पापुद्र्यास ‘फोमिटिपोरिया पंक्टाटा’ समजत असत. त्या वर्षी जर्मन कवकशास्त्रज्ञ मिखाएल फिशर यांनी वेलीवरील बुरशी निराळी ठरवून तिला ‘फोमिटिपोरिया मेडिटेरेनिया’ हे नाव दिले. नुसत्या डोळ्यांनी या दोघींत भेद करणे जवळजवळ अशक्यच. भेद आहे तो वागणुकीत. मेडिटेरेनियाला उष्ण हवा अधिक मानवते. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस ती मुख्यतः द्राक्षवेलीवरच राहते, तर पंक्टाटा इतर पानझडी वृक्षांवर. दक्षिणेस मात्र मेडिटेरेनिया ऑलिव्ह व किवी यांसारख्या झाडांवरही वाढते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. नाव एकच होते तोवर जर्मन बागाइतदाराचा संशय बांधावरील झाडांवर जाणे स्वाभाविक होते. वस्तुतः रोगाचा साठा त्याच्याच बागेतील मेलेल्या खोडांत होता. तेथून बीजाणू वाऱ्याने उडतात व छाटणीच्या जखमांतून आत शिरतात. फ्रान्समध्ये यावर सोडियम आर्सेनाइट फवारीत. हे जहाल विष असल्याने २००१ मध्ये त्यावर बंदी आली. रोगी खोडे उपटून जाळणे, मोठ्या जखमा टाळणे आणि झालेल्या जखमांना लेप लावणे, एवढेच उपाय मुख्यत्वे हाती उरले आहेत.

महाराष्ट्रात खरड छाटणी व गोडी छाटणी अशा वर्षातून दोन छाटण्या होतात. म्हणजे जखमाही दुप्पट. तथापि, खोडावर पापुद्रा दिसताच त्यास युरोपातील नाव देऊन मोकळे होऊ नये. ऑस्ट्रेलियातील वेलींवर २००५ मध्ये, तर दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये याच कुळातील वेगळ्या जाती निघाल्या. ग्रामसेवकांनी साल व आतील लाकूड यांसह पापुद्र्याचा तुकडा कापून, कोरड्या कागदी पिशवीत घालून जवळच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना घामेजून त्यावर भलत्याच बुरश्या वाढतात.