लग्नातला फोटो-कोपरा : हौस भागवा, पण फोटो आपल्याच हातात ठेवा

शाळांना उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, आर्णी, वणी, जिकडे बघावं तिकडे निकाहच्या कार्डांची गर्दी होते. अलीकडे या लग्नांत एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. मांडवाच्या एका बाजूला सजवलेला पडदा, समोर स्टँडवर मोबाइल, आणि पाहुणे स्वतःच बटण दाबून फोटो काढतात. याला 'फोटो बूथ' म्हणतात. आपण त्याला फोटो-कोपरा म्हणू.

काही बुजुर्ग म्हणतील, हा नवा फालतू खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पण दुसरी बाजूही बघा. फोटोग्राफरचं सगळं लक्ष दुल्हा-दुल्हन आणि स्टेजवर असतं. नांदेडहून आलेली फुफी, आदिलाबादहून आलेले मामू जेवून परत जातात आणि अल्बममध्ये कुठेच दिसत नाहीत. आपल्या किती घरांत दादी-नानीचा एकमेव फोटो आधार कार्डावरचा असतो! सगळं खानदान एकत्र येतं ते लग्नातच. त्यामुळे साध्या पद्धतीने, इसराफ न करता हा कोपरा केला तर तो उपयोगाचाच आहे.

कल्पना जुनीच आहे

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९२५ मध्ये अनातोल जोसेफो या सायबेरियातून आलेल्या माणसाने आपोआप फोटो काढणारं यंत्र बसवलं. २५ सेंटमध्ये आठ फोटो मिळायचे. समोर फोटोग्राफर नसल्याने लोक मोकळेपणाने बसायचे. तीच आजच्या बूथची सुरुवात.

आपल्यासाठी जास्त जवळची गोष्ट मात्र हैदराबादची आहे. पैनगंगेपलीकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिथे राजा दीनदयाळ या प्रसिद्ध छायाचित्रकाराने १८९२ मध्ये फक्त महिलांसाठी 'जनाना स्टुडिओ' उघडला. पडद्यातल्या बेगमांचे फोटो काढण्यासाठी मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंना नेमलं. म्हणजे हौस आणि पडदा दोन्ही सांभाळता येतात, हे १३० वर्षांपूर्वीच दाखवून दिलेलं आहे.

मांडणी कशी करायची

जागा साधारण १० बाय १० फूट लागते. ती येण्याजाण्याच्या वाटेवर दिसेल अशी असावी, पण दस्तरख्वानच्या रांगेत येणारी नको.

मागचा पडदा आठ फूट रुंद आणि सात फूट उंच पुरतो. बिछायत केंद्रवाल्याकडून दोन खांब आणि एक आडवा पाइप मागून घ्यावा. कापड सुती, एका रंगाचं, इस्त्री केलेलं असावं. साटीन चमकतं, त्यावर लाइटचे डाग दिसतात. वर झेंडूच्या किंवा मोगऱ्याच्या माळा सोडल्या की काम झालं. खांबांच्या पायाशी विटा किंवा वाळूच्या थैल्या ठेवायला विसरू नका. मे महिन्यात संध्याकाळी वावटळ उठली की आधी हाच पडदा पोरांच्या अंगावर येईल.

लाइटसाठी दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब डाव्या-उजव्या बाजूला, डोक्याहून थोड्या वर, तिरप्या लावाव्यात. पिवळा हॅलोजन आणि पांढरी एलईडी एकत्र करू नये, चेहरे अर्धे पिवळे येतात. समोरासमोर गोल रिंग लाइट लावला तर चष्म्यात त्याचं कडं दिसतं.

मोबाइल छातीच्या उंचीवर, सहा-सात फुटांवर ठेवावा आणि मागचाच कॅमेरा वापरावा. लेन्स आधी कापडाने पुसावी. बटणासाठी छोटा ब्लूटूथ रिमोट मिळतो. उभं राहण्याची जागा जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखून द्यावी. बुजुर्गांसाठी दोन खुर्च्या हव्यातच.

ऊन आणि वीज

यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. आयफोन कंपनी स्वतःच सांगते की फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. इतर मोबाइलही तापले की स्क्रीन मंद होते, कॅमेरा बंद पडतो. म्हणून कोपरा सावलीत, कूलरच्या वाऱ्यात असावा. पण ओली हवा थेट मोबाइलवर नको. कव्हर काढून ठेवा आणि फोटो चालू असताना चार्जिंग लावू नका. शक्य असेल तर कोपरा अस्रनंतरच सुरू करावा. लाइन जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा लाइट आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्यावा.

प्रिंटचा हिशेब

हातात कागदावरचा फोटो मिळाला की पाहुणा खुश होतो. पोस्टकार्डाएवढा फोटो काढणारे छोटे प्रिंटर मिळतात, एका प्रिंटला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. ४०० पाहुणे असतील आणि चार-चार जणांनी मिळून फोटो काढला तर १०० फोटो होतात. अशा प्रिंटरचं १०८ कागदांचं पाकीट मिळतं, ते एक पुरतं. एका गटाला दीड मिनिट धरलं तर १०० गटांना अडीच तास लागतील. हा हिशेब आधीच केला तर ऐनवेळी रांग तुंबत नाही. लगेच फोटो देणारा इन्स्टॅक्स कॅमेराही चालतो, पण त्याची फिल्म ४० अंशांच्या वर नीट काम करत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : फोटो जातो कुठे?

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो त्यांना न विचारता टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. ते फोटो इंटरनेटवरूनच उचललेले होते. लग्नात नटलेल्या आपल्या मुलीचा फोटो कोणाच्या स्टेटसवरून कुठे पोहोचेल, हे मग आपल्या हातात राहत नाही. म्हणून काही नियम आधीच ठरवावेत.

पहिला, जनाना आणि मर्दाना कोपरे वेगळे ठेवावेत. जनान्याला चारही बाजूंनी कनात असावी, आणि तिथे एखादी समजदार आपा किंवा खाला थांबावी. पाहुण्यांना आपापले मोबाइल आत आणू देऊ नयेत.

दुसरा, सिम नसलेला मोबाइल वापरावा. तो एअरप्लेन मोडवर टाकून रिमोटसाठी फक्त ब्लूटूथ सुरू करावं. प्रिंटर वायफायचा असेल तर मोबाइल थेट प्रिंटरला जोडता येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. गुगल फोटोजचं बॅकअप आधीच बंद करावं. नाहीतर नंतर नेट सुरू होताच सगळे फोटो आपोआप वर चढतात.

तिसरा, विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो नाही. 'काढायचा की नाही, तुमची मर्जी' अशी पाटी लावावी. फोटोबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना फोटो नको, त्यांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी शेजारी एक वही ठेवावी, दुल्हा-दुल्हनसाठी दुआ लिहायला. किती तरी घरांत अशी वही अल्बमपेक्षा जास्त वेळा उघडली जाईल.

चौथा, वलीमा झाला की फोटो एका मेमरी कार्डात घेऊन दुल्हनच्या हाती द्यावेत आणि मोबाइलमधून पुसावेत. नुसतं पुसून भागत नाही. ते 'ट्रॅश'मध्ये महिनाभर पडून असतात, तिथूनही काढावे लागतात. आणखी एक बाब बहुतेकांना माहीत नसते. या छोट्या प्रिंटरच्या वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची छाप उरते. उजेडात धरली तर चेहरे ओळखू येतात. ती रिबन कचऱ्यात तशीच फेकू नका, कात्रीने बारीक तुकडे करा.

या कामाला घरातलीच दहावी-बारावीची पोरं-पोरी पुरतात. फक्त नियम त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी समजावून सांगा, आणि पाच-सहा फोटो काढून, प्रिंट करून, पुसून दाखवायला लावा.