जैवमाहितीशास्त्राची वाट

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या आपल्या मुलांना बहुधा दोनच दारे दिसतात, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी. या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट आहे. गोडदेव परिसरातील पालकांत तिची चर्चा क्वचितच होते.

प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. तिचे कार्य प्रयोगाने शोधणे हे रेणवीय जीवशास्त्राचे काम. अशा हजारो माळा संगणकावर ताडून अर्थ लावणे हे जैवमाहितीशास्त्राचे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे परके नाही. हस्तलिखितांतील पाठभेद आम्हीही असेच ताडतो.

डॉ. अशोक कोळस्कर यांचा प्रवास पाहावा. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्राची संस्था आणि मग पुणे विद्यापीठ. तेथे १९८७ साली केंद्र सरकारच्या साहाय्याने जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले. विषाणूच्या प्रथिनाचे काही तुकडेच शरीरातील प्रतिपिंडे ओळखतात. प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत तपासायचा तर वेळ आणि पैसा दोन्ही फार लागतात. कोळस्कर व टोणगावकर यांनी १९९० मध्ये, आधीच्या प्रयोगांतून ज्ञात असलेल्या तुकड्यांच्या आधारे, असे तुकडे गणिताने हेरण्याची पद्धत मांडली. तिची अचूकता सुमारे ७५ टक्के. उरलेल्या चुका प्रयोगच दाखवतो, म्हणून संगणक आला तरी परीक्षानळी सुटत नाही. पुढे १९९९ मध्ये डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांच्यासह त्यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील प्रथिनाची त्रिमितीय रचना संगणकावर वर्तवली. लसीच्या शोधाला अशा कामाचा आधार मिळतो.

या वाटेला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही हवीत. दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी पुष्कळ मुले गणित सोडतात. आमच्या मते येथेच अर्धी वाट बंद होते. जनुकक्रमांचे जागतिक संग्रह मात्र सर्वांना विनामूल्य खुले आहेत. केंब्रिजमधील संशोधक पाहतो तीच माहिती आपल्या मुलीलाही पाहता येते.

अडचण वर्षांची आहे. बी.एस्सी.ची तीन, एम.एस्सी.ची दोन, नंतर पीएच.डी. नेटमधून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये हाती येतात, पण ते एम.एस्सी.नंतर. त्याआधीच घरचे नोकरीची वाट पाहू लागतात आणि हुशार मूल मिळेल ते काम धरते. माजी विद्यार्थ्यांनी मदत करायची तर ती एम.एस्सी.च्या त्या दोन वर्षांत करावी. खोलीभाडे आणि खाणावळ एवढाच प्रश्न असतो.