किडनी बिघडली की हृदय धोक्यात का येतं?

किडनीचा आजार म्हटलं की डोळ्यांसमोर डायलिसिसचं मशीन येतं. पण किडनीच्या दीर्घकालीन आजारात अनेक रुग्णांवर ती वेळ येण्याआधीच हृदयविकारानं मृत्यू ओढवतो.

असं का होतं?

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. ही क्षमता घटली की मीठ आणि पाणी शरीरात साठतं, रक्तदाब चढतो. या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. किडनीच्या रुग्णांचं हृदय मोठं झालेलं असतं, हे लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा रक्तदाब मोजायचं आजच्यासारखं यंत्रही नव्हतं!

किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं हॉर्मोनही बनवते. ते कमी पडलं की हिमोग्लोबिन घसरतं आणि हृदयावरचा ताण आणखी वाढतो.

रक्तवाहिन्यांचं नुकसान मात्र वेगळ्याच वाटेनं होतं. आजार वाढला की फॉस्फेट पुरेसं बाहेर टाकलं जात नाही. ते रक्तात वाढलं की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीत कॅल्शियम साचतं. कोलेस्टेरॉलचा थर धमनीच्या आतल्या अस्तरात जमतो, हे कॅल्शियम प्रामुख्यानं मधल्या थरात बसतं. धमनी उन्हात वाळलेल्या रबरी पाइपसारखी ताठ होते. प्रत्येक ठोक्याचा धक्का मग तिला झेलता येत नाही, तो हृदयावर आणि नाजूक केशवाहिन्यांवर येतो. किडनीतल्या केशवाहिन्याही त्यातच आल्या, म्हणजे किडनी आणखी बिघडते.

यातलं सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पायावर सूज येते तोवर बराच उशीर झालेला असू शकतो.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नये. क्रिएटिनिन १.२ असेल तर ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ८३ च्या आसपास येतो. ६५ वर्षांच्या महिलेचा त्याच आकड्यावर जेमतेम ५०! हा ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन आजार मानला जातो. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी तर त्याहून आधी इशारा देऊ शकते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी या दोन्ही तपासण्या दरवर्षी कराव्यात.

आजार लवकर कळला तर उपाय आहेत. रक्तदाब आटोक्यात ठेवणं आणि मीठ कमी करणं हे तर आहेच. शिवाय मधुमेहासाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध आता मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही डॉक्टर देतात. लोणचं-पापड सोडणाऱ्या अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या किडनीला इजा करू शकतात आणि रक्तदाबही वाढवू शकतात.