दोउरो नदी : माणसाने घडवलेला संथपणा

उत्तर स्पेनमधील उर्बियॉनच्या डोंगरांत उगम पावून सुमारे ९०० किलोमीटरचा प्रवास करत पोर्तुगालमधील पोर्तो शहराजवळ अटलांटिक महासागराला मिळणारी दोउरो नदी आज निवांत जलपर्यटनासाठी युरोपभर ओळखली जाते. पोर्तोहून निघणारी प्रवासी जहाजे स्पेनच्या सीमेवरील बार्का द'आल्व्हा या गावापर्यंतचे सुमारे २१० किलोमीटरचे अंतर साधारण आठवडाभरात जाऊन-येऊन पार करतात, आणि या काळात प्रवाशाला दोन्ही काठांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षमळे, पांढरीशुभ्र वाडी-घरे, जुनी चर्चे आणि मधूनच एखादे लहानसे रेल्वे स्थानक दिसत राहते. हे दृश्य निसर्गाने जसेच्या तसे बहाल केले असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः या नदीचा संथपणा पन्नास-साठ वर्षांपलीकडचा नाही आणि तिच्या काठचा डोंगर माणसाने हातांनी फोडून रचलेला आहे.

पूर्वीची दोउरो ही अरुंद घळीतून धावणारी, खडकांनी भरलेली आणि हिवाळ्यातील पुरात बेभान होणारी नदी होती. या नदीतून वाइनची पिंपे समुद्राकडे नेण्यासाठी 'राबेलो' नावाच्या खास नावा वापरल्या जात. तळाला सपाट असलेल्या या नावेला एकच चौकोनी शीड असे आणि सुकाणूऐवजी मागच्या बाजूला एक प्रचंड लांब वल्हे असे. हे वल्हे सांभाळणारा नावाडी पिंपांच्या राशीवरून पुढचे पाणी पाहता यावे म्हणून उंच मचाणावर उभा राही. प्रवाहाबरोबर खाली येणे जिवावरचे होते, तर रिकामी नाव वर नेणे कष्टाचे. वारा पडला की काठावरून बैल किंवा माणसे दोर लावून ती ओढत नेत.

या मार्गावरील सर्वांत कुप्रसिद्ध जागा म्हणजे व्हालेइराची घळ. येथील धबधबेवजा खळाळामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नावांना पुढे जाताच येत नव्हते, आणि १७८० नंतर दहाएक वर्षे सुरुंग लावून खडक फोडल्यावरच वरचा प्रदेश व्यापाराला खुला झाला. त्या कामाची नोंद करणारा कोरीव लेख घळीच्या कड्यावर आजही दिसतो. तरीही धोका संपला नाही. दोउरोचा तपशीलवार नकाशा तयार करणारे आणि त्या कामगिरीबद्दल पोर्तुगालच्या राजाकडून बॅरन हा किताब मिळवणारे इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर १८६१ साली याच ठिकाणी नाव उलटून बुडाले आणि त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. त्याच नावेत असलेल्या दोना आंतोनिया फेरैरा मात्र वाचल्या. कंबरेच्या पट्ट्यातील सोन्याच्या नाण्यांनी बॅरनना तळाशी नेले आणि आंतोनियाबाईंना त्यांच्या घेरदार झग्याने तरंगत ठेवले, ही आख्यायिका प्रत्येक जहाजावर ऐकवली जाते. ती कितपत खरी मानायची हा प्रश्न वेगळा. पण १८११ ते १८९६ या काळात जगलेल्या, तरुणपणीच विधवा होऊन दोउरोतील सर्वांत मोठ्या द्राक्षमळ्यांपैकी अनेकांच्या मालकीण झालेल्या या बाईंचे कर्तृत्व आख्यायिकेपेक्षा अधिक सांगण्यासारखे आहे.

नदी शांत झाली ती धरणांमुळे. १९७० आणि १९८० या दशकांत पोर्तुगालने वीजनिर्मितीसाठी दोउरोवर क्रेश्तुमा, कारापातेलो, रेगुआ, व्हालेइरा आणि पोसिन्यो अशी पाच धरणे बांधून पूर्ण केली आणि खळाळता प्रवाह एकामागून एक अशा लांबट जलाशयांत बदलून गेला. प्रत्येक धरणाला 'लॉक' म्हणजे जहाजाची पातळी बदलणारी बंदिस्त जलकोठडी जोडलेली आहे. जहाज कोठडीत शिरल्यावर मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या जलाशयातील पाणी पंपाशिवाय केवळ उताराच्या जोरावर आत सोडले जाते, जहाज पाण्याबरोबर वर उचलले जाते आणि पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. कारापातेलोची कोठडी जहाजाला सुमारे ३५ मीटर, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीइतके उचलते आणि युरोपातील सर्वांत उंच लॉकपैकी ती एक आहे. कोठड्यांची लांबी मर्यादित असल्याने दोउरोवरील जहाजे ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवरील जहाजांपेक्षा आखूड बांधावी लागतात, आणि रुंदी जेमतेम १२ मीटर असल्याने आत शिरताना दोन्ही बाजूंची ओली भिंत हात लांबवला तर लागेल इतकी जवळ येते. प्रवासी जहाजे येथे रात्री चालत नाहीत. ती काठाला बांधून ठेवली जातात, आणि या प्रवासाच्या निवांतपणाचे निम्मे रहस्य या नियमात आहे. सीमेपर्यंतचा संपूर्ण जलमार्ग १९९० साली खुला झाला. गमतीचा भाग असा की, ज्या राबेलो नावांना या शांत पाण्याचा सर्वाधिक उपयोग झाला असता, त्यांना रेल्वे आणि मालमोटारींनी त्याआधीच व्यापारातून बाद केले होते. आज त्या पोर्तोसमोरच्या काठावरील धक्क्यावर शोभेसाठी नांगरलेल्या असतात आणि २४ जूनला, संत योहानाच्या सणाच्या दिवशी, वाइन कंपन्या त्यांची शर्यत लावतात.

या नदीकाठचे मुख्य पीक म्हणजे 'पोर्ट' या वाइनची द्राक्षे. साध्या वाइनमध्ये द्राक्षरसातील बहुतेक सर्व साखर किण्वाकडून, म्हणजे यीस्टकडून, खाल्ली जाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर होते. पोर्टमध्ये ही आंबवण्याची क्रिया दोन-तीन दिवसांत, साखर शिल्लक असतानाच, द्राक्षांपासून काढलेला सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओतून थांबवली जाते. त्यामुळे वाइन गोड राहते आणि तिची तीव्रता १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. आंबवण्याची क्रिया इतक्या थोड्या वेळात आटोपायची असल्याने सालीतील रंग आणि तुरटपणा झटपट उतरवावा लागतो, आणि त्यासाठी 'लागार' या दगडी हौदात माणसांनी खांद्याला खांदा लावून, तालात पावले टाकत द्राक्षे तुडवण्याची पद्धत काही मळ्यांत अजून टिकून आहे. यंत्रे आली तरी उत्तम प्रतीच्या मालासाठी पायांचा पर्याय पूर्णपणे मागे पडलेला नाही, कारण पायाखाली साल फुटते पण बी फुटत नाही, आणि बीमधील कडवटपणा रसात उतरत नाही.

या वाइनचा भाग्योदय झाला तो युद्धामुळे. फ्रान्सशी सततच्या वैरामुळे इंग्लंडला फ्रेंच वाइन महाग आणि दुर्मीळ झाली, आणि १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरील आयातशुल्क फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवण्याचे ठरल्यावर इंग्रज व्यापाऱ्यांनी पोर्तोमध्ये ठाण मांडले. मागणी वाढताच भेसळही वाढली. फिकट वाइनला गडद रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाच्या फळांचा रस सर्रास मिसळला जाऊ लागला आणि काही दशकांत भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचे सर्वसत्ताधीश मंत्री, पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखले गेलेले सेबाश्तियांव जुझे, यांनी १७५६ मध्ये सरकारी कंपनी स्थापन करून उत्तम वाइनचा प्रदेश आखून दिला, त्याच्या सीमेवर ग्रॅनाइटचे कोरलेले दगड रोवले आणि एल्डरची झुडपे उपटण्याचा हुकूम काढला. सीमा आखण्याचे प्रयत्न इटलीतील कियांती आणि हंगेरीतील तोकाय येथे याआधी झाले होते. पण सीमा, प्रतवारी, भाव आणि विक्री या सर्वांवर सरकारी नियंत्रण आणणारी पहिली सर्वांगीण व्यवस्था दोउरोचीच म्हणावी लागेल. ही व्यवस्था सुखासुखी आली असे मात्र नाही. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध पोर्तोतील गुत्तेदारांनी १७५७ मध्ये उठाव केला, तेव्हा पोंबाल यांनी अनेकांना फासावर लटकवले.

जहाज रेगुआच्या पुढे गेले की डोंगर उघडे पडू लागतात. पश्चिमेकडील माराँव डोंगर समुद्रावरून येणारे पावसाळी ढग अडवतो, त्यामुळे पलीकडचा हा प्रदेश कोरडा असून उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपर्यंत चढते. वर्षात नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असे तेथील लोक म्हणतात. येथील खडक शिस्ट, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचा, भेगाळणारा खडक आहे. माती अशी जवळपास नव्हतीच; पहारी आणि सुरुंगांनी खडक फोडून त्याचा चुरा हीच माती करण्यात आली आणि निघालेल्या दगडांच्या, चुना किंवा गारा न वापरता रचलेल्या ताली घालून उतारावर मजगी तयार केल्या गेल्या. या कामासाठी स्पेनच्या गालिसिया प्रांतातून मजुरांच्या टोळ्या येत. शिस्टच्या उभ्या भेगांतून द्राक्षवेलीची मुळे कित्येक मीटर खाली ओलीपर्यंत पोहोचतात, म्हणून इतक्या उजाड उतारावर वेल जगते.

काठावर मधूनच द्राक्षांऐवजी झुडपांनी माजलेल्या, ढासळत्या ताली दिसतात. अमेरिकेतून युरोपात आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या किडीने १८६० च्या दशकापासून येथील मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी सोडून दिलेल्या या जमिनी आहेत. किडीवर औषध सापडले नाही. तिला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपी वाणाचे कलम करणे हाच उपाय ठरला. नाशिक-सांगलीकडील द्राक्ष बागायतदारही डॉगरिज या अमेरिकी वंशाच्या खुंटावर कलमे करतात, मात्र तेथील कारण क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई हे आहे. दोउरोतील पुनर्लागवड आणि पुढे यांत्रिकीकरण यांमुळे आता तीन प्रकारचे उतार शेजारी शेजारी दिसतात : जुन्या अरुंद ताली, बुलडोझरने काढलेल्या रुंद मातीच्या पायऱ्या आणि वरून खाली सरळ उतरणाऱ्या उभ्या ओळी. या पट्ट्यांवरून मळ्याचे वय ओळखण्याचा छंद जहाजाच्या सज्जात बसून लागू शकतो. यातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भागाला युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गावांपैकी पिन्यांव हे मळ्यांच्या ऐन मध्यावर आहे आणि तेथील रेल्वे स्थानकाच्या भिंतींवर द्राक्षतोडणी, तुडवण आणि राबेलो नावा यांची चित्रे निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरशांवर रंगवलेली आहेत. अशा फरशांना 'अझुलेजो' म्हणतात. पोर्तोच्या साँव बेंतो स्थानकाच्या दालनात सुमारे वीस हजार फरशांवर पोर्तुगालचा इतिहास चितारणारे कलावंत जोर्ज कोलासो यांचेच काम पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातही पाहायला मिळते. लामेगो येथील देवळाची ६८६ पायऱ्यांची बारोक शैलीतील वाट चढायला दम लागतो, पण जहाज कंपन्यांच्या बस प्रवाशांना बहुधा थेट माथ्यावर सोडतात. बार्का द'आल्व्हाहून दिवसभराच्या सहलीत स्पेनमधील सालामान्का हे १२१८ पासूनच्या विद्यापीठाचे शहर दाखवले जाते. ते सुंदर आहे यात शंका नाही, तथापि दोउरोच्या कथेशी त्याचा संबंध दूरचाच.

त्यापेक्षा अधिक जवळची जागा म्हणजे दोउरोला मिळणाऱ्या कोआ या उपनदीचे खोरे. या खोऱ्यातील उघड्या खडकांवर वीस हजार वर्षांपेक्षा जुनी घोडे, रानबैल आणि रानबोकड यांची रेखाचित्रे कोरलेली आहेत, हे १९९४ मध्ये जगजाहीर झाले तेव्हा तेथे धरणाचे काम सुरू झालेले होते. पोर्तुगालमध्ये मोठी चळवळ उभी राहिली, १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने धरण थांबवले आणि १९९८ मध्ये ही चित्रे जागतिक वारसा ठरली. पाच धरणांच्या पाण्यावर तरंगत येणाऱ्या पर्यटकाने न बांधलेल्या सहाव्या धरणाची ही जागा अवश्य पाहावी. जहाजाच्या कार्यक्रमात ती नसेल तर मागून घ्यावी.

प्रवासाच्या दोन्ही टोकांना पोर्तो असते. पोर्तोसमोरच्या काठावरील व्हिला नोव्हा द गाया येथे लांबलचक कौलारू गोदामांत पोर्ट वाइन मुरवली जाते, कारण समुद्राजवळची दमट, सौम्य हवा तिला मानवते; १९८६ पर्यंत तर निर्यातीची सर्व पोर्ट गायामधूनच जाणे कायद्याने बंधनकारक होते. मोठ्या हौदांत थोडी वर्षे ठेवलेली 'रूबी' लालभडक आणि फळांच्या चवीची असते, तर लहान पिंपांत दीर्घकाळ ठेवलेली 'टॉनी' लाकडातून झिरपणाऱ्या हवेमुळे तांबूस-तपकिरी होते. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणाऱ्या गोड लाल वाइनचा या गोदामांशी नावापुरताच संबंध आहे, आणि ती चव डोक्यात ठेवून गायात पेला उचलणाऱ्याला वेगळ्याच पेयाचा परिचय होतो.

द्राक्षतोडणी सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालते व तोच या प्रवासाचा उत्तम काळ होय. जुलै-ऑगस्टमधील उष्मा टाळावा. आठवड्याचे जहाज ज्यांना परवडत नाही त्यांनी पोर्तोहून पोसिन्योला जाणारी साधी रेल्वे पकडावी. ती वाटेत बराच काळ नदीला अगदी लागून धावते, आणि जाताना उजव्या बाजूची खिडकी मिळाल्यास जहाजावरून दिसणारे बहुतेक सारे काही तासांत आणि अत्यल्प भाड्यात पाहता येते.